नऊ घरांची सभा

आमच्या गावात सभा भरत नाही, सभा चालत येते. म्हणजे मीच चालत येतो. काखेत ठरावाचं रजिस्टर, पिशवीत शाईचा पॅड आणि अंगठा पुसायला एक फडकं. गावच्या कार्यालयात मी एकोणीस वर्षं शिपाई होतो, आणि एकोणीस वर्षांतल्या झाडून सगळ्या सभा मी पायी घेतल्या. दार वाजवायचं, पान उघडायचं, बोट ठेवून जागा दाखवायची. सही येत असेल तो सही करतो, नसेल तो अंगठा देतो. पानाचा वरचा अर्धा भाग कोरा असतो. तिथला मजकूर कारकून मागाहून लिहितो. असं का, हे मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी काय सांगणार होतो, कपाळ? पद्धत होती तशी.

त्या वर्षी उन्हाळा लागायच्या आतच तळं आटलं. आधी कडेचा चिखल फुटला, मग मधला. अर्धं गाव पोराबाळांसकट कामाच्या मागे बाहेर गेलं. उरलेले तळ्यातला गाळ काढायला जायचे. माझी बायकोही जायची. सकाळी डोक्याला फडकं बांधून निघायची ती संध्याकाळी परत यायची, तेव्हा तिच्या पापण्यांवरसुद्धा गाळाची पूड असायची. मी सावलीत बसणारा माणूस, मला तिच्याकडे बघायची लाज वाटायची. मग मी बघायचोच नाही.

एका सोमवारी गावच्या अध्यक्षांनी मला आत बोलावलं.

"काय रे, चहा घेतलास का?"

अध्यक्ष चहाचं विचारतात तेव्हा काम जड असतं. मी म्हणालो, "घेतला, साहेब."

"शाळेची पालक समिती आहे ना, नऊ जणांची. त्यातले पाच अंगठे हवेत. शुक्रवारपर्यंत."

"ठराव कशाचा म्हणून सांगू?"

"तू कधीपासून सांगायला लागलास?" ते म्हणाले, आणि बाजूच्या टेबलावरचा कारकून खाली मान घालून हसला.

अध्यक्षांनी खण उघडला आणि एक कागद काढून माझ्यासमोर धरला. हातात दिला नाही. मला वाचता येतं, पण एकेक अक्षर चाचपत. माझं नाव मात्र लगेच दिसलं. त्याच्या खाली 'कायम' हा शब्द होता. शिक्काही होता.

"तारीख तेवढी टाकायची राहिलीय," ते म्हणाले. "शुक्रवारची टाकू."

एकोणीस वर्षं मी तात्पुरता होतो. माझं लग्न तात्पुरत्याचं झालं, पोरगी तात्पुरत्याला झाली. दर वर्षी मार्च उजाडला की तोच घोर, यंदा ठेवतात की काढतात. त्या कागदाकडे बघून मला आनंद व्हायला हवा होता. तसं काही झालं नाही. घसा कोरडा पडला एवढंच, आणि चहा घेतला म्हणालो त्याचा पश्चात्ताप झाला.

ठराव कशाचा, हे गावातलं शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. माणसं बाहेर गेली तसा शाळेचा पट एकेचाळीसवरून सतरावर आला होता. वीसच्या खाली गेलेली शाळा पालकांच्या संमतीने बंद करायची आणि पोरं नदीपलीकडच्या शाळेत घालायची, असं वरून पत्र आलं होतं. शाळेच्या दोन खोल्यांत अध्यक्षांची खताची पोती बसणार होती. नदी आता कोरडी, आज पोरं नाचत पलीकडे जातील. पण पाऊस लागला की तीन महिने ती कोणाच्या बापाला ऐकत नाही. थोरले मुलगे पोहून जातील, फार तर. पोरींना कोण पाठवतो? माझी पोरगी अकरा वर्षांची होती.

आणि शाळा आता कुठे शाळा झाली होती. आधीचे मास्तर खुर्चीत बसून झोपायचे आणि पोरं त्यांच्यासमोर पाढे ओरडायची. ओरडणं थांबलं की मास्तर जागे व्हायचे. दोन वर्षांपूर्वी या बाई आल्या. बुटक्या, चष्मेवाल्या, आवाज बारीक. मला वाटलं होतं सहा महिनेसुद्धा टिकायच्या नाहीत. त्यांनी दर शनिवारी पोरांची सभा सुरू केली. हातपंप कोणी मारायचा, झाडू कोणी मारायचा, चेंडू कोणाकडे राहायचा. एकाने फळ्यावर लिहायचं, सगळ्यांनी वाचायचं, ज्याला पटत नाही त्याने उभं राहायचं, हात मोजायचे. मग प्रत्येकाने ते आपल्या वहीत उतरवून घ्यायचं आणि त्यानंतर सही. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा.

एकदा पोरगी शाळेतून फुरंगटून आली. झाडूच्या पाळीबद्दल तिने काहीतरी मांडलं होतं आणि तिला चारच हात मिळाले होते.

"मग आता काय करणार?" मी चिडवायला विचारलं.

"पाळी करणार," ती म्हणाली. "पडला म्हणजे पडला. पुढच्या महिन्यात परत मांडीन."

पालक समितीसुद्धा बाईंनी चिठ्ठ्या टाकून निवडली होती. आधी तिच्यात अध्यक्षांचे भाऊबंद असायचे. चिठ्ठ्या मोजल्या तर लोहार निघाला, शिंपीण निघाली, आणि कधी स्वप्नातही नव्हतं ती माझी बायको निघाली. त्यानंतर ती पोरीजवळ बसून अक्षरं गिरवायला लागली होती. दिवसभर घमेली उचललेल्या बोटांत पेन्सिल काही नीट धरवायची नाही. 'काय करायचंय तुला आता या वयात,' असं मी एकदोनदा बोललो. ती काही बोलायची नाही, गिरवायची.

मंगळवारी मी निघालो. पहिलं घर गवंड्याचं. तो दारात बसून करणीवरचा वाळलेला चुना खरवडत होता. "आण," म्हणाला, अंगठा दिला आणि परत खरवडायला लागला. असं काम असलं म्हणजे बरं. दुसरं घर एका बोलघेवड्याचं, त्याला सगळे रेडिओच म्हणतात. त्याची शेती अध्यक्षांकडून अर्धेलीने. त्याने अंगठा देतादेता मला पावसापासून जावयापर्यंतच्या सगळ्या बातम्या ऐकवल्या. तिसरा ट्रॅक्टरवाला, तो तर अध्यक्षांचाच माणूस. तीन दारं, तीन अंगठे. मी मनाशी म्हटलं, दुपारच्या आत मोकळा होतोय.

चौथं घर शिंपिणीचं. ती मशीनवर बसली होती. पायाखालची पट्टी चालत होती आणि पायाशी तिची नात वही घेऊन बसली होती. आठ वर्षांची असेल. मी पान उघडून मशीनवर ठेवलं. शिंपिणीने बोट शाईला लावलंसुद्धा.

"आजी, थांब," नात म्हणाली. "वर काय लिहिलंय?"

"वर काही नाही," मी म्हणालो.

"मग सही कशावर?"

शिंपिणीचा अंगठा अधांतरी राहिला. "कार्यालयाचं असतं ग ते," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघून. "कशाचं आहे हो?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे कसलं?" पोरगी म्हणाली. उद्धटपणा नव्हता हो. आम्ही भाव विचारतो तसं विचारत होती.

एकोणीस वर्षांत मला कोणी दारात असं उभं केलं नव्हतं, आणि केलं ते एका दात पडलेल्या पोरीने. शिंपिणीने अंगठा साडीला पुसला. "लिहून आणा मग," ती म्हणाली. "करते की. पळून का जातेय?" आणि तिने पट्टीवर पाय ठेवला. मशीन सुरू झालं, त्याच्या आवाजात मी पिशवी आवरली.

लोहाराकडे तेच झालं. त्याची पोरगी तर मोठी, माझ्या पोरीच्याच वर्गातली. लोहाराने घण खाली ठेवला, माझ्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि हसला. "आमच्या घरात आता हिचा कायदा चालतो," म्हणाला. न्हावी घरी नव्हता. दुकानदारीणही माहेरी गेलेली. शेवटी गावाबाहेरच्या शेळ्यावाल्या आजीने अंगठा दिला. तिच्या नातवाला आठवड्यातून तीनदा तीच शाळेतून ओढून शेळ्यांमागे धाडते. चार झाले. ऊन डोक्यावर आलं होतं. परतताना दोन घरची पोरं मला बघून एकमेकांना कोपरं मारत हसली. मी त्यांना ओळखत नसल्यासारखा चालत राहिलो.

पाचवा अंगठा माझ्या घरी होता. तिथवर वेळ येऊ नये असं मला सकाळपासून वाटत होतं.

बायको संध्याकाळी आली. तिने हात धुतले, पाय धुतले, भिंतीला पाठ टेकून बसली. तळव्यांवरचे फोड फुटले होते, ती त्यांना तेल लावत होती. मी रजिस्टर तिच्यासमोर उघडलं. इतर दारांत ठेवतो तसंच बोट ठेवलं.

"इथे."

तिने पान बघितलं. "हे शाळेचं ना?"

"हो."

"बंद करायचं?"

"हो." घरात खोटं कुठवर बोलणार? "पाच हवेत. चार झालेत. शुक्रवारी मला कायम करणार आहेत. आदेश बघितला मी, शिक्का मारलेला."

पोरगी कोपऱ्यात लिहीत होती, तिचं लिहिणं थांबलं. मग बायकोने पोरीच्या हातातलं पेन घेतलं आणि पान स्वतःकडे ओढलं. मला वाटलं, सही करतेय. हायसं वाटलं. पण तिचा हात खाली गेलाच नाही, वरच्या कोऱ्या जागेत गेला. एकेक अक्षर दाबून तिने लिहिलं: शाळा बंद करायला आमची संमती नाही. एवढं लिहायला तिला चूल पेटवण्याइतका वेळ लागला. खाली चार अंगठे होतेच.

"झालं," ती म्हणाली. "आता द्या नेऊन. मजकूर मागूनच लिहितात ना?"

मी तिच्या अंगावर धावून गेलो. मारलं नाही, पण धावून गेलो, हे खोटं कशाला सांगू? "तुला कळतं का काही? हात दगडाखाली आहे माझा! रेडिओचा अंगठा, ट्रॅक्टरवाल्याचा अंगठा, त्यांच्या नावावर तू हे लिहितेस?"

"तुम्ही एकोणीस वर्षं काय करत आलात?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. पण पोरीकडे होतं, आणि ते माझ्या बाजूचं निघालं.

"आई, हे चुकलं," ती म्हणाली. "त्यांना माहीतच नाही वर काय आहे ते. त्यांचा हात तू कसा मोजणार?"

"तू गप्प बस."

"शाळेत असं चालत नाही."

"ही शाळा नाही!" बायको ओरडली. तिचा आवाज फाटला. "शाळा राहायला हवी म्हणून तर करतेय ना!"

पोरगी रडायला लागली, पण हटली नाही. डोळे पुसत तेच म्हणत राहिली, वाचून दाखवायला हवं, सगळ्यांना वाचून दाखवायला हवं, मग हात. बायको तिच्याकडे बघत राहिली. मग तिने पेन उचललं आणि आपणच लिहिलेल्या ओळीवर एक रेघ ओढली. बाजूला लिहिलं, रद्द. पुढचं पान उलटलं. "सांग," ती पोरीला म्हणाली, "कसं लिहायचं?"

त्या दोघींनी लिहिलं. शाळा बंद करून पोरं नदीपलीकडे घालावीत का? खाली दोन रकाने, हो आणि नाही.

मी का ऐकलं म्हणता? ते ऐकणं नव्हतं, हिशेब होता. मी गाव एकोणीस वर्षं दारांतून बघितलंय. मला वाटलं, कोऱ्या पानाला पोरी अडवतात, पण छापखान्यासारखं स्पष्ट लिहून नेलं आणि अध्यक्षांना हवंय हे दिसलं, तर 'नाही'च्या रकान्यात हात घालायची कोणाची छाती आहे? गुपचूप चार मिळाले, उघड सहा मिळतील. सुंठीवाचून खोकला जाईल, आणि बायकोला म्हणता येईल, बघ, तुझ्याच पद्धतीने झालं. मी म्हणालो, "चल. उद्या दोघं जाऊ." ती माझ्याकडे बघत राहिली. मी चांगला माणूस झालो असं तिला वाटलं असावं. मी ते तसंच वाटू दिलं.

बुधवारी तिने गाळाचं काम बुडवलं. पहाटेचं वारं पडलं होतं आणि सकाळीच पाय भाजायला लागले होते. ती पुढे, मी रजिस्टर घेऊन मागे. प्रत्येक दारात ती बोट फिरवत वाचायची. मध्येच अडायची. "न... नदीप... नदीपलीकडे." लोक थांबायचे. कोणी हसलं नाही, याचं मला नवल वाटलं. घरातलं पोर असेल ते वही काढून सगळं उतरवून घ्यायचं, तारखेसकट, आपल्या घराने काय सांगितलं तेही. शाळेची सवय. बाई शाळेच्या पायरीवर उभ्या दिसल्या. बायकोने थांबून विचारलं, बरोबर चाललंय ना? त्या म्हणाल्या, "मी नोकरदार बाई, माझं यात मत नाही. वाचून दाखवताय ना सगळ्यांना? मग झालं."

ट्रॅक्टरवाला 'हो'. रेडिओ 'हो', आणि पहिल्यांदाच फार बोलला नाही. दुकानदारीण परत आली होती, ती म्हणाली, "माझी पोरं मी मामाकडे ठेवणार आहे, मला काय," आणि 'हो'त सही केली. शेळ्यावाल्या आजीला बायकोने दोनदा वाचून दाखवलं. "कळलं ग, बहिरी नाहीये मी," आजी म्हणाली. "शाळा गेली तर माझ्या शेळ्या सुटतील का? मग हो." बायकोने मान हलवली आणि तिचा अंगठा धरून 'हो'च्या रकान्यात नीट उमटवला.

चार हो. आणि मी मनात म्हटलं, आता एकच.

शिंपीण 'नाही'. लोहार 'नाही'. न्हाव्याने गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच ठेवली, वाचून ऐकलं, गिऱ्हाइकाकडे बघितलं. गिऱ्हाईक अध्यक्षांचा चुलतभाऊ होता. न्हाव्याच्या कानशिलावरून घाम ओघळला. तरी त्याने 'नाही'त सही केली आणि वस्तरा उचलला. चुलतभाऊ हलला नाही. कसा हलेल, वस्तरा गळ्याशी होता.

गवंडी राहिला. काल त्याने न बघता अंगठा दिला होता. आज बायको वाचत होती तेव्हा तो करणी हातात धरून ऐकत होता. वाचून झालं तरी त्याने अंगठा पुढे केला नाही.

"तू काल दिला होतास," मी म्हणालो. मला राहवलं नाही.

"काल तू विचारलंस कुठे?" गवंडी म्हणाला. "आज विचारतोस म्हणून सांगतो. इथले मास्तर झोपायचे म्हणून थोरलीला घातली होती पलीकडच्या शाळेत. पावसात बसवली घरी, ती बसलीच. पुढल्या साली लग्न. आता ती तिसऱ्यांदा बाळंत व्हायला आलीय, एकोणिसाव्या वर्षी. धाकटीचं तसं नको." त्याने 'नाही'त अंगठा दाबला. इतका दाबला की पान फाटेल असं वाटलं.

चार हो, चार नाही.

आम्ही गवंड्याच्या भिंतीच्या सावलीला उभे राहिलो. भिंतसुद्धा तापली होती. बायकोने रजिस्टर गुडघ्यावर घेतलं. आता फक्त तिचीच सही राहिली होती.

"हो म्हण," मी म्हणालो.

तिने वर बघितलं.

"मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. हो म्हण. पोरीला मी नदीपलीकडे खांद्यावर घेऊन जाईन, रोज. कायम झालो तर तुला त्या चिखलात जावं लागणार नाही. हात बघ तुझे."

हे मी मनापासून बोललो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. रडू यायला हवं होतं, पण आत काहीच हललं नाही. दुसऱ्याच कोणाचं तरी बोलणं मी पोचतं करतोय असं वाटत होतं, एकोणीस वर्षं करत आलो तसं.

"हे तुमच्या मनात आधीपासून होतं?" ती म्हणाली. "म्हणून आलात माझ्याबरोबर?"

"हो."

तिने मान खाली घातली. "बरं झालं सांगितलंत," म्हणाली, आणि 'नाही'च्या रकान्यात पहिल्यांदा आपलं पूर्ण नाव लिहिलं. नवऱ्याचं, म्हणजे माझं नावही, मध्ये लिहिलं. मग रजिस्टर मिटून माझ्या हातात दिलं. न्यायचं काम माझं होतं.

ते मी गुरुवारी नेलं. फाडू शकलो असतो. वाटेत विहीर आहे, पडकी, तिच्यात टाकू शकलो असतो. मी मोठा सत्यवान आहे म्हणून टाकलं नाही असं नाही. तसं करायलाही अंगात काहीतरी लागतं, ते नव्हतं. मी चालत गेलो आणि टेबलावर ठेवलं.

अध्यक्षांनी आधी रद्द केलेलं पान बघितलं, मग पुढचं. सावकाश वाचलं. कारकून उठून मागे उभा राहिला.

"हे तुझ्या घरातलं अक्षर?"

"बायकोचं, साहेब."

"शेवटची सही?"

"तिचीच."

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खणातून माझा कागद काढून टेबलावर ठेवला, या वेळी माझ्या बाजूला सरकवून. "घरोघरी असतं असं," ते म्हणाले. "बायकांचं मनावर घ्यायचं नसतं. ही दोन्ही पानं काढ. दोरा सैल करून काढलीस तर कळतही नाही. नवीन पान घे. चार तर आहेतच, पाचवा न्हाव्याचा आण. त्याच्या दुकानाची जागा कोणाची आहे, हे त्याला आठवण करून दे. संध्याकाळपर्यंत ये. तारीख मी आत्ताच टाकतो."

आणि त्यांनी खरोखरच तारीख टाकली. शाई ओली होती. मी बघत होतो.

"साहेब," मी म्हणालो, "पानं काढून उपयोग नाही."

"का?"

"नऊ घरांतल्या पोरांनी वहीत उतरवून घेतलंय. कोणी काय सांगितलं ते. तारखेसकट."

"पोरांनी?" ते हसले. "पोरांच्या वह्यांना कोण विचारतो?"

"पोरंच विचारतात," मी म्हणालो. "एकमेकांना. परवा शनिवार आहे. शनिवारी ती सगळी मोठ्याने वाचतात. आयाबाया ऐकायला जाऊन बसतात हल्ली."

कारकुनाने घसा साफ केला. "साहेब, पत्रात पालकांचं बहुमत म्हटलंय," तो हळूच म्हणाला. "नऊ ठिकाणी लिहिलेलं असलं म्हणजे... उद्या कोणी वर पाठवलं तर..."

अध्यक्षांनी बोटाने रकान्यांतल्या सह्या परत मोजल्या. शिपायाने उभंच राहायचं असतं, मी उभा राहिलो. मग त्यांनी रजिस्टर मिटलं. "या साली राहू दे शाळा," ते कारकुनाला म्हणाले. "पुढच्या साली बघू." आणि माझा कागद घेऊन त्यांनी फाडला. चिडून नाही, नीट घडी घालून, एकदा उभा, एकदा आडवा.

"किल्ल्या ठेव," ते म्हणाले.

मी किल्ल्या ठेवल्या. पॅड ठेवला. फडकंही ठेवलं, ते माझं स्वतःचं होतं. बाहेर आल्यावर लक्षात आलं, पण परत गेलो नाही.

घरी सांगितलं तेव्हा बायको उभी होती ती खाली बसली. पोरीने विचारलं, "सगळं वाचलं का त्यांनी?" मी म्हणालो, "सगळं." ती पळत शाळेकडे गेली.

सोमवारपासून मीही तळ्यावर जायला लागलो. फावडं मारायची सवय नाही. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत कंबर धरली, दुसऱ्या दिवशी तळवे फुटले. मुकादम तोंडावर काही बोलत नाही, पण मला तो कडेला ठेवतो, बायकांच्या रांगेत, घमेली पुढे द्यायला. जुनी ओळखीची माणसं बघतात आणि नजर दुसरीकडे नेतात. रेडिओ तेवढा जवळ येऊन म्हणाला, "वाईट झालं रे तुझं," आणि बातमी पोचवायला पुढे गेला.

चौथ्या दिवशी दुपारी आम्ही तळ्याच्या मधोमध डबा उघडून बसलो. सावली कुठेच नव्हती. भेगांमधून गरम वाफ वर येत होती. बायकोने माझा हात हातात घेतला, उलटा केला, फोड बघितले.

"राग आहे ना माझा?" तिने विचारलं.

"आहे."

"मलाही आहे. स्वतःचा. सही करून आले त्या दिवसापासून झोप नाही. चूक केली का, चूक केली का, तेच फिरतं." तिने माझा हात खाली ठेवला. "पण ते पान आत्ता समोर आणलंत ना, तर परत तेच लिहीन. पुढच्या साली आणतीलच ते. तुम्हाला आधीच सांगून ठेवते."

मी डब्याचं झाकण लावलं. तिकडे मुकादमाने शिट्टी मारली आणि बायका उठायला लागल्या. मीही गुडघ्यावर हात टेकून उठलो. कंबरेतून कळ निघाली.

"लिही," मी म्हणालो. "मी घेऊन फिरेन. वाचायला शिकव तेवढं, तोपर्यंत."